विझवलेला राब

"मी हाय ना," असं म्हणताना त्याचा उजवा हात आपोआप छातीवर जायचा. एसटी चुकली, ऑफिसातला पंखा बंद पडला, कुणाच्या पोरीचं ठरलेलं लग्न मोडायला आलं, काहीही होवो. हात छातीवर, आणि "मी हाय ना." तुमच्याही ओळखीत असं म्हणणारा एखादा असेल. बहुतेक जण नुसतं म्हणतात आणि वेळ आली की फोन उचलत नाहीत. हा म्हणायचा आणि खरंच असायचा. सगळा घोळ तिथूनच सुरू झाला.

कर्वेनगरात एका सोसायटीच्या तळमजल्यावरचे दोन फ्लॅट एकत्र करून आमच्या संस्थेचं ऑफिस केलंय. काम पर्यावरणाचं. टायपिंग, पत्रव्यवहार, पाहुण्यांचा चहा आणि साहेबांचे मूड हे खातं माझ्याकडे. ऑफिसात सगळे बुटांसकट फिरतात. हा मात्र दाराबाहेर चपला काढून आत यायचा. पहिल्या दिवशी मी म्हटलं, "अहो, इथे देव नाहीत." तर म्हणाला, "आसूं द्या ताई. फरशी हाय ना."

त्याचं नाव मी लिहीत नाही. त्याचं नाव वापरून झालंय पुष्कळ. तोंडावर मी त्याला अहो-जाहोच करायची, पण आठवताना 'तो' असंच येतं, तेव्हा तसंच राहू दे.

मुळशी धरणाच्या वरच्या अंगाला घाटमाथ्यावर एक वाडी आहे, तिथला हा. वय पंचेचाळिशीच्या आसपास, अंगाने काटक, पांढरा शर्ट खांद्यावर कायम चुरगळलेला. आमच्या संस्थेने त्याला वाडीचा समन्वयक म्हणून नेमला होता. समन्वयक म्हणजे मधला माणूस. पण तो आमच्या आधीपासूनच मधला माणूस होता. वाडीतल्या म्हाताऱ्याला ससूनला आणायचं तर हा. दोन भावांचं बांधावरून वाजलं तर मध्ये हा. सोयरीक जुळवायची तर दोन्हीकडचे याला पुढे घालायचे आणि हा म्हणेल त्यावर पुढचं ठरायचं. त्याच्याकडे शेती बेताची, शिक्षण बेताचं. शब्द तेवढा चालायचा. आमच्या साहेबांनी तो बरोबर हेरला. साहेबांना माणसाची पारख आहे हे मी कधी नाकारलं नाही.

आता काम काय होतं ते सांगते. हिंजवडीतल्या एका मोठ्या कंपनीला स्वतःच्या धुराचं प्रायश्चित्त घ्यायचं होतं. स्वतःचे एसी, बसगाड्या, विमानाचे दौरे कमी करून नव्हे, तसं केलं तर मग मोठी कंपनी कसली! दुसऱ्याचं जंगल राखायचं, त्या झाडांनी जेवढा कार्बन ओढून घेतला तेवढा आपल्या नावावर मांडायचा आणि 'आम्ही हवेत काही सोडतच नाही' असं इमारतीवर लावायचं. त्यासाठी वाडीने आपला डोंगर मोकळा सोडायचा, झाडाला हात लावायचा नाही, आणि बदल्यात दरसाल काही वाटा घ्यायचा. मध्ये आम्ही. मध्ये असण्याचा आमचा वाटा वेगळा.

वाडीच्या बैठकीत सगळं ऐकून घेतल्यावर बायकांनी एकच विचारलं, आणि राब?

शहरातल्या वाचकासाठी सांगायला हवं. घाटमाथ्यावर नाचणीची आणि भाताची रोपं अशीच जमिनीत टाकून येत नाहीत. वैशाखात जमिनीचा छोटासा तुकडा भाजतात. आईन-किंजळाच्या फांद्या उतरवून आधीच वाळवलेल्या असतात, त्याला कवळ म्हणतात. शेण, त्यावर कवळ, त्यावर गवत आणि पालापाचोळा, वरून मातीचा पातळ थर, आणि मग वाऱ्याच्या उलट बाजूने पेटवायचं, म्हणजे भडका न होता ते हळूहळू धुमसत जातं. तणाचं बी जळतं, राख राहते, त्या राखेत पेरलेलं रोप तरारून येतं. हाच राब. राब नीट भाजला नाही तर रोप नाही, रोप नाही तर वर्षभराची भाकरी नाही. फांद्या उतरवलेली झाडं पावसाळ्यात पुन्हा फुटतात, वर्षानुवर्षं फुटत आलीत.

साहेबांनी बैठकीत हात वर करून सांगितलं की तुमची पिढीजात शेती आहे तशीच चालेल. वाडी साहेबांकडे बघत नव्हती, याच्याकडे बघत होती. याने साहेबांना दोनदा विचारून खात्री करून घेतली. साहेब हो म्हणाले. मग याचा हात छातीवर गेला. "मी हाय ना," तो म्हणाला, आणि वाडीने हात वर केले. हे त्यानेच मला दुसऱ्या दिवशी चहा पिताना सांगितलं, आणि इतक्या आनंदाने सांगितलं की मी कौतुकाने त्याला दुसरा चहा दिला.

पहिलं वर्ष गमतीचं गेलं. कंपनीचे लोक 'आपलं जंगल' बघायला बसने आले. सगळ्यांच्या अंगात सारखे टी-शर्ट. एका मुलीने आईनाच्या झाडाला नाव ठेवलं आणि त्याच्यासोबत फोटो काढला. दुपारी याच्या चुलतीने नाचणीच्या भाकऱ्या केल्या, त्यांचेही फोटो झाले. एकाने विचारलं, "काका, एवढं जंगल कुणी लावलं?" हा सरळ म्हणाला, "कुनी न्हाय. आमी तोडून तोडून वाढवलंय त्याला." मुलं हसली. साहेब हसले नाहीत. परतीच्या वाटेवर साहेबांनी त्याला, असं बोलू नका, लोकांचा गैरसमज होतो, असं अगदी सौम्य भाषेत सुनावलं. साहेब मुळात सौम्यच आहेत. आवाज चढवलेला मी कधी ऐकला नाही.

त्याच दिवशी तो फोटो काढला गेला. मागे डोंगर, पुढे हा, हात छातीवर. छान आलाय फोटो. पुढे तो ऑफिसच्या भिंतीवर लागला, माहितीपत्रकावर छापला गेला, हिंजवडीच्या त्या कंपनीच्या लॉबीतही भिंतभर लागला. साहेबांनी त्याचं वाक्यसुद्धा उचललं, शुद्ध करून. 'आम्ही आहोत ना!' असं टी-शर्टांवर छापलं. त्याने तो टी-शर्ट घरी नेला आणि घडी घालून ठेवला. घातलेला मी कधी पाहिला नाही.

वैशाख आला, वाडीने राब भाजले. वरून उपग्रह बघत होता. साहेबांच्या स्क्रीनवर डोंगराच्या कडेने लाल ठिपके उमटले, आणि परदेशातून कार्बनचा हिशेब तपासणाऱ्यांची विचारणा आली की तुमचं जंगल पेटलंय का.

याला बोलावणं गेलं. हा बिचारा चपला काढून आत आला आणि राब म्हणजे काय ते समजावायला लागला. साहेबांनी त्याला मध्येच थांबवलं.

"अहो, मला राब शिकवू नका. माझ्या आजोळी भाजायचे, मी स्वतः कवळ वाहिलाय. उपग्रहाला राब कळत नाही, आग कळते. पुढच्या वर्षी एकही ठिपका नको."

मी चहा घेऊन आत गेले होते, त्यामुळे हे माझ्या कानांनी ऐकलं. साहेबांना माहीत नव्हतं असं असतं तर मी आज इतकी चिडले नसते. शहरी माणूस, त्याला काय कळतंय, असं म्हणून सोडून दिलं असतं. या माणसाने राबाच्या भाताची पेज खाल्लेली होती. बैठकीत 'चालेल' म्हणताना हे चालणार नाही हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

हा म्हणाला, "पन साहेब, मी शब्द दिलाय." साहेब म्हणाले, तुम्ही दिलाय ना, मग तुम्हीच समजावा. आणि लॅपटॉपकडे वळले. बाहेर येऊन हा माझ्या टेबलाशी उभा राहिला. मी म्हटलं, सोडा ही नोकरी, कशाला यांच्या नादी लागता. तर म्हणाला, मी सोडली तर दुसरा कुणी येईल, तो वाडीचं ऐकायचा नाही, मी आतनं काहीतरी करतो. हात छातीवर होताच.

आतनं काय होणार? दुसऱ्या वर्षी कवळ तोडायला बंदी आली. फांदीवर कोयता चालवायचा नाही, राबाला काडी लावायची नाही, जळण वेचायचं तर खाली पडलेलं. बदल्यात संस्थेने खताची पोती आणि रोपांचे प्लास्टिकचे ट्रे वाटले. ज्यांनी लपूनछपून थोडं भाजायचा बेत केला त्यांना अडवायला हाच दारोदार फिरला. वाडीत लोक याला तोंडावर काही बोलले नाहीत. आपण गेलो की बोलणं थांबतं, एवढंच त्याने मला सांगितलं.

त्या वैशाखात परदेशातले तपासनीस यायचे होते. बायकांच्या बैठकीसाठी एक बाई हवी म्हणून साहेबांनी मलाही गाडीत घातलं. तपासनिसांची गाडी मागून येत होती, आम्ही पुढे पोचलो. वाडीत शिरताना उजव्या हाताला धूर दिसला. दाट, बुटका, जमिनीलगतचा. राबाचा धूर.

चुलतीचा होता. आईबाप लवकर गेल्यावर याला वाढवणारी हीच बाई. विधवा. तिचा मुलगा हिंजवडीत गेटवर सिक्युरिटीला लागलेला, ती एकटीच वाडीवर. अंगणाएवढा तुकडा होता तिचा. आदल्या सालचा कवळ तिने माळ्यावर जपून ठेवला होता, नवीन फांदी एकही तोडली नव्हती. तिला वाटलं, तोडायला बंदी आहे ना, मग तोडलेलं जाळायला काय हरकत? दुसऱ्या कुणी असली चूक केली नसती. बाकीचे सगळे एव्हाना घाबरायला शिकले होते.

साहेब गाडीतून उतरले. नुसतं मनगटावरच्या घड्याळाकडे बघितलं.

पेटलेल्या राबावर तिकडे पाणी घालत नाहीत. भावकीत कितीही हाडवैर असो, पेटलेला राब कुणी विझवत नाही. हे मला नंतर कळलं. त्या वेळी मी एवढंच बघितलं की हा विहिरीकडे गेला आणि हंडा भरून आणला. चुलती राबाच्या कडेला काठी घेऊन उभी होती, माती सारखी करत होती. त्याने पहिला हंडा ओतला. फस्स आवाज झाला आणि राख उडाली. तो परत गेला, परत आणला. चुलती बाजूला सरकून उभी राहिली. कितव्यातरी हंड्यानंतर धूर संपला आणि खाली अर्धवट जळलेला काळा चिखल उरला.

तिनेच त्याच्या हातातला हंडा काढून घेतला आणि म्हणाली, "ऱ्हाऊं दे बाबा. माझं काय, तू हाईस ना."

टोमणा नव्हता हो तो. मी पुण्याची आहे, टोमणा मला दोन गल्ल्यांवरून ऐकू येतो. ती खरंच त्याची समजूत घालत होती. म्हणूनच त्याला ते ऐकवेना. तो तिथेच मटकन खाली बसला, आणि साहेब मला म्हणाले की त्यांना जरा पलीकडे न्या, गाडी येतेय. मी नेलं नाही. मी तिथेच त्याच्याशेजारी उभी राहिले. मग साहेबांनी ड्रायव्हरला सांगितलं.

तपासणी उत्तम झाली. चहापान झालं. तपासनीस जाताना याच्याशी हात मिळवून गेले.

ट्रेमधल्या रोपांचं काय झालं ते सांगायला मला कृषितज्ज्ञ व्हायला नको. पहिल्या मोठ्या सरीत निम्मी वाहून गेली, उरलेली तणाने खाल्ली. याने इकडून तिकडून मुठी-मुठी रोपं मागून चुलतीच्या शेतात लावून दिली, तीही पिवळी पडली. त्या वर्षी वाडीतली बरीच माणसं खाली उतरली. नोकऱ्या यानेच लावून दिल्या. कंपनी मेहरबान होती, ठेकेदाराला सांगून गेटवर, कँटीनमध्ये, बागेत घेतलं. लॉबीत भिंतभर डोंगर आणि गेटवर त्या डोंगराचे मालक, असा थाट झाला. दिवाळीनंतर चुलतीही मुलाकडे हिंजवडीला आली आणि कँटीनमध्ये भांडी घासायला लागली. येताना तिने नाचणीचं बी फडक्यात बांधून आणलं होतं. कशाला आणलं, हे विचारल्यावर म्हणाली म्हणे, तिथे उंदीर खातील.

हे सांगताना तो माझ्या टेबलासमोर बसला होता. तेवढ्यात डोक्यावरचा पंखा घरघरून बंद पडला. मी सवयीने त्याच्याकडे बघितलं. तो पंख्याकडे बघत राहिला, हात मांडीवरच होता.

फाल्गुनात एकदा दुपारी तो आला. दारातच थांबला. मी म्हटलं, या की आत. त्याच्या पायात चपला होत्या आणि त्या तो काढत नव्हता. म्हणाला, "न्हाय ताई, आत न्हाय येत. चुलतीला घेऊन वर चाललोय." संस्थेने दिलेलं ओळखपत्र त्याने माझ्या हातात दिलं. साहेब आतच होते, बोलावू का म्हटलं, तर नको म्हणून मान हलवली. मी फाटकापर्यंत गेले. पलीकडे रिक्षात चुलती बसली होती, मांडीवर फडक्याचं गाठोडं. तिने मला ओळखलं आणि हात केला.

साहेबांनी नवा समन्वयक नेमला. समाजकार्याची पदवी घेतलेला, गळ्यात पट्टा, बोलायला चुणचुणीत. वाडीचं नाव मात्र त्याला अजून नीट घेता येत नाही.

वैशाखात एका सकाळी साहेबांनी आम्हा सगळ्यांना मीटिंगच्या टेबलाशी बोलावलं. लॅपटॉपवर डोंगर होता, हिरवागार, आणि कडेला एकच लाल ठिपका. एकच. मी बघताक्षणी ओळखलं. गाडी वाडीत शिरते तिथे, उजव्या हाताला. कंपनीचे लोक पुढच्याच आठवड्यात पाहणीला यायचे होते आणि हे साऱ्या वाडीला माहीत होतं.

साहेबांनी नव्या मुलाकडून त्याला फोन लावून घेतला. स्पीकरवर. बराच वेळ रिंग वाजली. मग त्याचा आवाज आला, मागे कुठेतरी कोंबडं आरवत होतं. साहेब नेहमीच्याच सौम्य आवाजात बोलले. या एका आगीमुळे सबंध वाडीचा वाटा थांबेल, हिंजवडीतल्या तुमच्या माणसांच्या नोकऱ्या अडचणीत येतील, हे तुम्हाला कळतंय का, असं विचारलं. मग साहेब म्हणाले, "मला वरती नाव कळवायला लागेल. याला जबाबदार कोण?"

"मी हाय ना," तो म्हणाला.

कोंबड्याचा आवाजही थांबला. साहेब म्हणाले, नेटवर्क गेलं वाटतं. नेटवर्क बिटवर्क काही गेलं नव्हतं, त्याने फोन ठेवला होता.

वाटा थांबला. गेटवरच्या माणसांपैकी काहींना कमी केलं. वाडीने काय केलं म्हणाल, तर त्यालाच बोल लावला. लोक म्हणाले, माफी लिहून दे, आमच्या पोरांच्या पोटावर कशाला पाय देतोस. जे कधीकाळी त्याच्या शब्दावर हात वर करून मोकळे झाले, त्यांनीच त्याचं घर टाळायला सुरुवात केली. हे मला चुलतीच्या मुलाने सांगितलं, त्याचीही नोकरी गेली होती आणि तोही रागातच होता. मी विचारलं, नाचणी आली का हो? तो म्हणाला, आलीय की, छातीएवढी. आणि चिडून फोन ठेवून दिला. माफी त्याने लिहून दिली नाही. पुण्यातही परत कधी आला नाही. माझ्याकडे त्याचा नंबर होता, तो आता लागत नाही.

मी अजून त्याच ऑफिसात आहे. साहेब आहेत, डोंगरही आहे, दुसऱ्या एका तालुक्यात आणखी एक डोंगर बघणं चालू आहे. दाराबाहेर चपला काढणारं कुणी येत नाही. भिंतीवरचा फोटो काढायची टूम निघाली होती, पण डोंगर फार सुंदर आलाय म्हणून साहेबांनी तो ठेवला, फक्त त्याला कापून टाकला. ते कापणं नव्या पोराने कॉम्प्युटरवर घाईत केलं. त्यामुळे उजव्या कडेला छातीकडे वळलेला एक कोपर तेवढा राहिलाय. येणारे पाहुणे फोटोसमोर चहाचा कप घेऊन उभे राहतात, जंगलाची तारीफ करतात, आणि त्यांना ती कडेची एखादी फांदी वाटते.